जिंकलो खरं, पण त्यांचं कच्चं नेमकं कुठं दिसलं?

या वेळी आलेली पत्रं आणि मेसेज जवळपास सगळे एकाच विषयावरचे आहेत, इंटर कॉलेज फुटबॉल. सोलापुरात क्रिकेट, कबड्डी, खो-खो यावर लिहिणारे नेहमीचेच, पण फुटबॉलवर एवढी पत्रं आली याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले. कॉलेजांची नावं मात्र मुद्दाम काढली आहेत, दोन्हीकडची पोरं आपलीच आहेत.

प्रश्न : सर, आम्ही पलीकडच्या कॉलेजला ३-१ नं हाणलं. तवापासून रोज रात्री सात रस्त्याला चहाला बसलं की आमचा एकच विषय, त्यांचा लेफ्ट बॅक स्लो हाय, गोलकीपरला वरचा बॉल धरता येत नाही, आणि तासाभरानंतर त्यांचं मिडफिल्ड बसतंय. पुढच्या महिन्यात परत तेच समोर येणारेत. आमचं बरोबर हाय का? (विजापूर रोडवरची पाच-सहा पोरं)

पहिल्यांदा अभिनंदन, मॅच मी बघितली, तुम्ही चांगलेच खेळलात आणि जिंकायलाच पाहिजे होतात. आता तुमच्या तीन मुद्द्यांकडे येतो, कारण तिन्ही डोळ्यांना दिसले ते खरंच आहे, पण दिसलं ते का दिसलं हे तुम्ही विचारलेलंच नाही.

लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाववाला, घ्या. तुमचे पहिले दोन्ही गोल त्याच्या बाजूनं आले, मान्य. पण दोन्ही वेळेला त्याच्या अंगावर तुमची दोन पोरं होती आणि तो एकटा होता, कारण त्यांचा लेफ्ट विंगर, म्हणजे त्याच बाजूचा पुढचा गडी, वर गेला की खाली यायचं नावच घेत नव्हता, हाफ लाइनवर कमरेवर हात ठेवून उभा. एकाला दोघं लागले की जगातला कुठलाही बॅक स्लोच दिसतो. कबड्डीत बघा, कव्हरवाला आत आलाच नाही तर कोपऱ्यातल्या पोराची पकड सुटणारच आणि लोक कोपऱ्यालाच नावं ठेवणार. म्हणजे कच्चा दुवा बॅक नाही, विंगर आहे, आणि विंगरला खाली यायला लावणं हे कुठल्याही कोचचं दोन दिवसांचं काम आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच बाजूनं घुसायला गेलात आणि तिथं दोन माणसं उभी असली तर काय करणार, हे आत्ता ठरवा.

गोलकीपरचं तर मला जास्त वाटलं. त्याच्या हातातून बॉल दोनदा सुटला, दोन्ही वेळा सेकंड हाफला. फर्स्ट हाफला त्यानं तसलेच तीन क्रॉस व्यवस्थित धरले होते, ते कुणाच्याच लक्षात नाही. सेकंड हाफला तो पूर्वेच्या गोलमध्ये उभा होता, तोंड मावळतीला, डिसेंबरातलं पाच वाजताचं ऊन सरळ डोळ्यांत. म्हणून तर फुटबॉलचं ग्राउंड शक्यतो दक्षिण-उत्तर आखतात, आपल्याकडं जागा असेल तसं आखतात. पुढच्या वेळी टॉस त्यांनी जिंकला आणि बाजू निवडली तर तेच ऊन तुमच्या कीपरच्या डोळ्यांत येईल.

तिसरा मुद्दा, मिडफिल्ड बसतंय, हा मात्र मला खरा वाटतो, थोडा तरी. थोडा अशासाठी, की आदल्या दिवशी दुपारी त्यांची सेमीफायनल झालेली आणि तुम्हाला एक दिवस सुट्टी मिळालेली, पायात गोळे येणारच. तरीपण बेंचवरून आत आलेली पोरं सुद्धा दहा मिनिटांत दमली, त्यावरून त्यांच्याकडं अकरा-बारा चांगले आहेत आणि त्यामागं फार कुणी नाही असं दिसतं, आणि ही गोष्ट महिन्याभरात बदलत नाही. पाय डावा-उजवा दोन्ही चालत नसेल, वेग नसेल, बदली खेळाडू नसतील तर ते राहतंच, पण कुणी कुठं उभं राहायचं, कॉर्नरला कुणाला धरायचं, हे दोन प्रॅक्टिसमध्ये दुरुस्त होतं. तुमच्या यादीतला प्रत्येक मुद्दा या गाळणीतून काढा. पुढच्या मॅचला जे शिल्लक राहणार आहे तेवढंच कामाचं.

आणि अजून एक, तो ३-१ चा आकडा. तिसरा गोल शेवटच्या मिनिटाला झाला, त्यांचा कीपर सोडून सगळे कॉर्नरला वर आलेले आणि मागं मैदान मोकळं. म्हणजे नव्वदाव्या मिनिटापर्यंत मॅच २-१ होती, आणि त्यांचा एक बॉल बारला लागून बाहेर गेला तो आत पडला असता तर २-२. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की एका टप्प्यानं सगळं उलटं होतं, आणि दिवाळीनंतर आपल्या काळ्या मातीची ग्राउंडं दगडासारखी टणक झाली की टप्पा कुठं जाईल ते बॉललाच माहीत. तुम्ही खाल्लेला गोल कॉर्नरवरनं आला, तुमचे दोघं एकाच माणसाकडं धावले आणि मागचा मोकळा राहिला. तुमच्या चहाच्या चर्चेत हा मुद्दा आलाच नाही, पण त्यांच्या चर्चेत तो पहिला असणार.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायोला शिकायला आहे. तिथं कॉलेज फुटबॉलचं एवढं वेड का, आणि तो म्हणतो की आमच्या टीमला हरवून समोरचे लोक वर्षभर नाचले पण शेवटी चॅम्पियन आम्हीच. हे कसं काय? (जुळे सोलापूर)

तुमचा भाचा बरोबर सांगतोय आणि वरच्या पोरांनी ही गोष्ट नीट वाचावी म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथलं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नाही, अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर बॉल तुमच्याकडं राहतो नाहीतर गेला. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन युनिव्हर्सिट्यांचं वैर तिथं शंभर वर्षांहून जुनं. ३० नोव्हेंबर २०२४ ला कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्याच मैदानावर, एक लाखावर लोकांसमोर मॅच झाली. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरची टीम, मिशिगन ६ जिंकलेली ५ हरलेली, क्रमवारीत कुठंच नाही. आणि मिशिगननं १३-१० नं मारली, शेवटचं मिनिट चालू असताना किक मारून. ओहायो स्टेट मिशिगनकडून सलग चौथ्या वर्षी हरली. मॅच संपल्यावर मैदानात झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला, इतकं ते तापलेलं.

मग मिशिगनवाल्यांनी, आणि खरं तर ओहायोच्या चिडलेल्या लोकांनी पण, यादी काढली. यांना मधून घुसता येत नाही, पुढच्या फळीतले दोन महत्त्वाचे गडी जखमी होऊन बसलेत, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, दबावात बॉल समोरच्याच्या हातात देतो, किकर दोनदा चुकला. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. मिशिगनच्या बचावात मध्ये दोन पहाडासारखे गडी होते आणि ओहायो स्टेट हट्टानं त्यांच्यावरच जाऊन आदळत राहिली, २६ वेळा पळून अवघे ७७ यार्ड. बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथसारखा पहिल्या वर्षाचा विलक्षण पोरगा होता, आणि तरी बॉल मधेच.

मग काय झालं, तर त्यांनी मधून घुसायचा हट्ट सोडला. त्या वर्षी पहिल्यांदाच बारा टीमची बाद फेरी होती त्यामुळं दोन मॅच हरूनही त्यांना संधी मिळाली, आणि बॉल बाहेर, त्या पोराकडं जायला लागला. टेनेसीला ४२-१७. मग ओरेगनला ४१-२१, याच ओरेगननं त्यांना ऑक्टोबरमध्ये ३२-३१ नं हरवलं होतं, आणि या मॅचला स्मिथनं एकट्यानं १८७ यार्ड काढले. मग टेक्सास २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात फायनलला नोटर डेम ३४-२३. पुढच्या नोव्हेंबरात मिशिगनच्या घरी जाऊन २७-९.

मिशिगनच्या लोकांनी जे बघितलं ते बरोबरच बघितलं होतं, पण ती त्या दिवसाची निवड होती, टीमची ताकद नव्हती. निवड दुसऱ्या दिवशी बदलता येते. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये पण हे झालंय, १९५४ च्या वर्ल्ड कपला हंगेरीनं पश्चिम जर्मनीला गटात ८-३ असं धुतलं, पण जर्मनीच्या कोचनं, सेप हर्बर्गरनं, त्या मॅचला आपले बरेच मुख्य खेळाडू बसवूनच ठेवले होते. दोन आठवड्यांनी, ४ जुलैला, बर्नच्या पावसात फायनलला हंगेरी आठ मिनिटांत २-० पुढं गेली आणि ३-२ नं हरली. हंगेरीनं आठ गोल ज्या टीमला घातले ती टीम फायनलला आलीच नव्हती.

प्रश्न : माझा मुलगा त्या हरलेल्या टीमचा गोलकीपर. बॉल सुटला त्याचा व्हिडिओ पोरं स्टेटसला ठेवायलेत, खाली नको नको ते लिहायलेत. दोन दिवस नीट जेवला नाही, ग्राउंडवर जायचं नाही म्हणतोय. मी काय सांगू त्याला? (एक आई, अशोक चौक)

ताई, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. पहिली गोष्ट, वर उन्हाचं लिहिलंय ते त्याला वाचायला द्या, ते समजूत काढायला लिहिलेलं नाही, मी तिथं उभा राहून बघितलेलं आहे. आणि त्यानं फर्स्ट हाफला उजवीकडच्या खांबाजवळ खाली झेपावून एक बॉल बाहेर काढला, तो गेला असता तर मॅच तिथंच संपली असती. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

गोलकीपर चुकला की लपायला जागा नसते, सव्वासात मीटर रुंद गोल आणि एकटा माणूस. फॉरवर्ड पाच वेळा चुकतो आणि सहाव्याला गोल मारून खांद्यावर बसतो. त्याला जबरदस्ती करू नका, पण कोचना गाठा आणि सांगा की या आठवड्यात त्याच गोलमध्ये, त्याच वेळेला, उन्हाकडं तोंड करून त्याला वीस-पंचवीस उंच बॉल द्या. डोळ्यांवर एका हाताची सावली करून बॉल कसा बघायचा, धरता येत नसेल तर मुठीनं कसा लांब ठोसायचा, हे सरावानं येतं, आणि कीपरला टोपी घालून खेळायची नियमानं परवानगी आहे हे पण पोरांना माहीत नसतं.

आणि जिंकलेल्या पोरांनो, ते व्हिडिओ आजच्या आज काढा. टीमच्या चुका बोलायच्या तर मैदानातल्या बोला, त्या पोराला, त्याच्या घरच्यांना मध्ये ओढू नका. उद्या युनिव्हर्सिटीची टीम निवडली जाईल, त्यात तो तुमचाच कीपर असू शकतो आणि वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला तुम्ही त्याच्याच भरवशावर खेळणार आहात.

प्रश्न : कोल्हापूरचे लोक समोरच्या टीमबद्दल इतकं नेमकं कसं बोलतात? आपल्याकडं नुसता आरडाओरडा. (नवी पेठ)

कारण ते तीच पोरं लहानपणापासून बघतात. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, या तालमी आणि पेठांच्या टीम वर्षानुवर्षं एकमेकांशी शाहू स्टेडियमला खेळतात, समोरचा कुठल्या पायानं मारतो ते गल्लीतल्या आजोबांना सुद्धा माहीत. अशा शहरातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. आपल्याकडं कॉलेजची तीन वर्षं संपली की टीम बदलते, मागच्या वर्षी कोण कसं खेळला हे सांगणारं कुणी राहत नाही. दर रविवारी सकाळी एकाच ग्राउंडला जाऊन बसणारे दहा-वीस लोक जरी तयार झाले तरी दोन-तीन वर्षांत बोलण्यात फरक पडेल.

प्रश्न : सर, मग मॅच बघताना नेमकं लिहून काय ठेवायचं? (फर्स्ट इयरचा विद्यार्थी, होटगी रोड)

शंभर पानी वही घे आणि बॉलकडं कमी बघ. समोरच्यांचा बॉल गेला की पहिल्या पाच सेकंदांत कोण मागं पळतंय आणि कोण उभं राहतंय, ते लिही. त्यांच्या कॉर्नरला मागं किती माणसं राहतात ते लिही. दमलेला गडी कोण हे त्याच्या हातावरून कळतं, गुडघ्यावर हात गेले की मिनिट लिही. ऊन कुठल्या बाजूला, वारं कुठून, आदल्या दिवशी ते खेळले होते का, हे पानाच्या वर लिही, नाहीतर महिन्यानं वाचताना काहीच अर्थ लागत नाही. आणि डावीकडच्या पानावर त्यांचं लिहिलंस की उजवीकडं तेच सगळं आपल्या टीमचं लिही. वही कोचला दाखव, ग्रुपवर टाकू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांच्या कॉलेजातलं कुणीतरी तुमच्या ग्रुपवर असतंच.