पूल आहे, नदी कुठे आहे?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला शिकते, म्हणून यंदा तिकडे गेलो होतो. तिथे हिरवळीवर एक जुना दगडी पूल पाहिला. कमानी भक्कम, पण खाली पाण्याचा थेंब नाही! नदी पलीकडून वाहते. पूल कोरड्यावर बांधला होता का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो, तेव्हा खाली पाणीच होतं. एक्स नदीचं पात्र पूर्वी पसरट आणि उथळ होतं. तिथले व्यापारी निकोलस जर्वेझ आणि त्याचा मुलगा वॉल्टर यांनी पैसा उभा केला आणि 1190च्या सुमारास काम सुरू झालं. साधारण 180 मीटर लांबी, सतरा-अठरा कमानी. पाया असा : नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकायचे, मधे दगड-खडी भरायची, त्यावर खांब. मी जन्मभर पीडब्ल्यूडीत पूल बांधले. पंपाशिवाय वाहत्या पाण्यात हे काम काय असेल याची मला धडकीच भरते.

पुढे शहराच्या बाजूला गाळ साचत गेला. लोकांनीही भराव घालून जमीन पुढे ढकलली. पात्र अरुंद झालं आणि तिकडच्या कमानी कोरड्या पडल्या. 1778 मध्ये शेजारी नवा पूल झाला, तेव्हा पाण्यातल्या जुन्या कमानी पाडून टाकल्या. कोरड्यावरच्या मात्र राहिल्या, कारण त्यांच्यावर रस्ता होता, घरं होती. पाडून कुणाला काय मिळणार होतं? म्हणजे तुम्ही पाहिलात तो पुलाचा बिनकामाचा झालेला भाग, आणि नेमका तोच टिकला! विसाव्या शतकात नव्या पुलांसाठी नि रस्त्यांसाठी तो परिसर मोकळा केला, तेव्हा या कमानी पुन्हा उजेडात आल्या. आज साडेआठ दिसतात. आणखी काही अजून जमिनीखाली आहेत.

टोकाशी मोडकळीला आलेला मनोरा दिसला असेल, तो सेंट एडमंडच्या चर्चचा. हे चर्च पुलाच्या कमानींवरच उभं होतं, त्याच्याखालून नदी वाहायची. पुलाच्या देखभालीसाठी जमिनी आणि घरं लावून दिलेली होती. त्यांच्या भाड्यातून डागडुजी चाले. निविदा काढून पाच वर्षं वाट पाहण्यापेक्षा मला ती सोय जास्त आवडते.

पुढच्या खेपेला कमानी नीट निरखा : काही अर्धगोल आहेत, काही वर टोकदार. दोन्ही प्रकार एकाच पुलात.