हिरडीतलं रक्त, शुगर आणि मिश्री

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी सिडकोत राहते. सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, बरीच वर्षं शुगर आहे. ब्रश केला की रक्त यायचं म्हणून त्यांनी वर्षभरापासून ब्रश सोडूनच दिला, आता नुसती मिश्री लावतात न चूळ भरतात. गोळ्या वेळेवर असूनही यावेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.६ आलं. दातांच्या डॉक्टरांनी क्लीनिंग सांगितलंय, म्हणे शुगरलाही फायदा होईल. शेजारच्या काकू म्हणतात क्लीनिंगने दात ढिले होतात. तोंडातल्या जंतूंचा आणि शुगरचा खरंच संबंध असतो का बिल वाढवायचं काम आहे?

उत्तर: ताई, बिलाची शंका येणं साहजिक आहे, पण तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात, माझ्याही आहेत, आजवर सातशेच्या आसपास जाती सापडल्यात आणि त्यातले बहुतेक बिचारे काही करत नाहीत. सकाळी उठल्यावर दातावरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना, तो त्यांचाच थर, १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुक नावाच्या संशोधकानं दातांवरचा हाच थर खरवडून भिंगाखाली बघितला तर त्यात जीव वळवळताना दिसले. रोज ब्रशनं निघाला तर विषय संपला, राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमनं कडक होऊन त्याचं कीटण होतं आणि ते मग ब्रशला अजिबात दाद देत नाही.

हिरडी सुजते ती या थरामुळे, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त. सासूबाईंनी ब्रश सोडला म्हणजे थर अजून वाढला, सूज अजून वाढली. हिरडी आणि दाताच्या मधली फट एरवी १ ते ३ मिलिमीटर असते, ती खोल होत गेली की आत हवा पोचत नाही आणि नेमके तिथलेच जंतू वाईट, पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस हे त्यातलं बदनाम नाव. तिथली सूज तोंडापुरती राहत नाही, रक्तातून अंगभर तिचा परिणाम होतो आणि शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम अडतं. उलट शुगर जास्त असली की हिरडी लवकर बरी होत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट झाली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं. म्हणजे ८.६ चं ६ होणार नाही आणि गोळ्याही सुटणार नाहीत, पण पदरात पडतंय ते का सोडायचं?

काकूंचं म्हणाल तर दात आधीच ढिले झालेले असतात, खालचं हाड झिजलेलं असतं, कीटणानं ते चिकटून धरलेले असतात इतकंच. ते काढल्यावर फटी दिसतात, आठवडाभर थंड लागतं, मग नाव क्लीनिंगचं. ट्रेमध्ये पडलेला कीटणाचा तुकडा बघून तर पेशंट दात तुटला म्हणून घाबरतात!

मिश्री मात्र बंदच. ती भाजलेली तंबाखूच आहे, कॅन्सरची भीती आहेच. एकदम सुटणार नाही, तलफ येते, चिडचिड होते, तेव्हा ओरडू नका त्यांच्यावर, हळूहळू सोडवा.

प्रश्न: रोज माऊथवॉश वापरला तर चालतं का? (सातपूर)

उत्तर: क्लोरहेक्झिडिनवाला (हे जंतू मारणारं औषध) असेल तर डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस, नाहीतर दात तपकिरी पडतात, चव जाते. शिवाय पालक-बीटमधल्या नायट्रेटवर काम करून बीपीला मदत करणारे जंतू जिभेवर असतात, ते पण मरतात. चहा, मिसळीनंतर साध्या पाण्याची चूळ भरा.

हो, सिडकोच्या ताई, क्लीनिंगला उपाशी नेऊ नका. नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच न्या, रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनानं ती बंद करू नका.