मुंग्यांपाशी गेलेला अर्धा तास

प्रिय मावशी,

थंडी सरली, झाडांना पालवी फुटली की मी दरवर्षी ठरवते, यंदा दर रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडायचं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. शनिवारी रात्री सगळी तयारी करून झोपते आणि रविवारी संध्याकाळी परत येताना गाडीत कुणीतरी रडत असतं, कुणीतरी तोंड फिरवून बसलेलं असतं. नवऱ्याचं म्हणणं, निघालोच आहोत तर तीन ठिकाणं तरी पाहून येऊ. मुलाला अर्ध्या तासात कंटाळा येतो. सासूबाई गुडघ्यांमुळे "तुम्ही या जाऊन" म्हणतात आणि त्यांना एकटं ठेवून गेल्याची रुखरुख मला दिवसभर लागते. गेल्या रविवारी तर बागेच्या फाटकाशी पोचायच्या आधीच धाकटी वाटेत मुंग्यांची रांग बघत अर्धा तास उकिडवी बसली, उठेचना. शेवटी हाताला धरून ओढत नेली. आत गेल्यावर फुलांकडे बघायलाही ती तयार नव्हती. नणंदेचे फोटो बघते आणि वाटतं, यांना कसं जमतं? ज्या रविवारी घरी राहतो तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. मुलगा अजून चार-पाच वर्षं आमच्याबरोबर येईल, मग कुठला यायला? हे मनात आलं की रात्री झोप लागत नाही. माझं काय चुकतंय?

— धावून दमलेली आई

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मुंग्यांपाशी थबकले. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस. मला वाचताना वाटलं, गेल्या रविवारची सहल झाली ती तिथेच. पाच वर्षांची पोर अर्धा तास एका जागी बसून एक गोष्ट बघते, हे केवढं आहे! फुलांची बाग हे तुझं ठिकाण होतं. तिचं ठिकाण वाटेतच लागलं.

पुढच्या वेळी तिच्या शेजारी बस. उभ्याने "चल ना, चल ना" करू नकोस, खरंच खाली बस. दोन-चार मिनिटांत तुलाही दिसायला लागेल. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबतात, मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि आपापल्या वाटेने जातात. एखादी स्वतःपेक्षा मोठा तुकडा ओढत असते, मागे-मागे सरकत, मध्येच तो सोडून भोवती एक फेरी मारून पुन्हा धरते. तिला सांग, रांगेतल्या या कामकरी मुंग्या सगळ्या मादी असतात. मग रांगेच्या वाटेवर ओल्या बोटाने एक आडवी रेघ पुसून दाखव (चावऱ्या मुंग्या नाहीत ना, तेवढं आधी बघ). रेघेशी आलेल्या मुंग्या बावरतात, मागे फिरतात, आजूबाजूला शोधत राहतात. पुढे गेलेल्या मुंग्यांनी मागे ठेवलेल्या वासावर त्यांची चाल असते आणि तोच माग तू पुसलेला असतोस. कुणीतरी एक धीर करून पलीकडे जाते, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता रांग पुन्हा जुळते. हे बघायला तिकीट लागत नाही आणि बागेच्या फाटकाच्या आतही जावं लागत नाही.

तुझं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या रविवारावर फार ओझं आहे. तो आठवड्याची भरपाई करणार, मुलांना आठवणी देणार, नवऱ्याला फिरल्याचं समाधान देणार, सासूबाईंना दुखावणार नाही आणि फोटोतही छान दिसणार. एवढं सगळं एका दिवसाने कसं पेलावं?

माझंच एक सांगते. माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका वसंतात आम्ही मोठ्या हौसेने फुलांचा ताटवा बघायला गेलो होतो. तिला नवा फ्रॉक, पांढरे बूट. सकाळभर मी तिला "चिखलात जाऊ नकोस, गवत ओलं आहे" हेच सांगत होते. परवा तिला सहज विचारलं, तुला तो दिवस आठवतो का गं? ती म्हणाली, "हो. तू मला बूट काढू दिले नव्हतेस." एवढंच. फुलं तिच्या लक्षातच नाहीत. हे ऐकून मला वाईट वाटलं, अजून वाटतं. म्हणून तुला कळवळून सांगते, जुने कपडे घालून ने. ओल्या गवतात अनवाणी चालू दे. घरी आल्यावर पाय धुता येतात.

आता परतीच्या गाडीबद्दल, कारण माझ्या मते तुझं अर्धं दुखणं तिथे आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तसंच मिनिटभर, आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू साधारण अंशभर कोमट होत गेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता! माणसाच्या आठवणीत शेवटाला फार वजन असतं. तुमची सकाळ कितीही छान गेली तरी शेवटचा तास भुकेल्या, पेंगुळलेल्या मुलांवर ओरडण्यात जातो आणि मग तुम्हा सगळ्यांच्या मनात अख्खा रविवार भांडणाचा म्हणून राहतो.

तेव्हा सगळं छान चाललेलं असतानाच उठा. मुलं "अजून थोडा वेळ" म्हणत असतील तर तीच निघायची वेळ. अर्धाच दिवस जा, एकाच ठिकाणी जा आणि दुपारची झोप घरी होऊ दे. खाऊतला एक डबा मुद्दाम परतीसाठी मागे ठेव, फाटकातून बाहेर पडल्यावरच तो उघडायचा. गाडीत मुलांना आज काय काय पाहिलं ते विचारू नकोस, ती शाळेची तोंडी परीक्षा नाही. गप्प बसली असतील तर बसू दे. खिडकीतून बाहेर बघत येणारं मूल रुसलेलंच असतं असं नाही.

नवऱ्याशी तीन ठिकाणांबद्दल बोलायचंय ना, मग बुधवारी बोल. रविवारी सकाळी बूट घालताना काढलेला विषय भांडणाकडेच जातो. त्याच्या हट्टामागे काय आहे तेही विचार. मला तरी वाटतं, आठवडाभर दिवसदिवस घराबाहेर असणाऱ्या माणसाला एका दिवसात सगळं देऊन टाकायचं असतं आणि ठिकाणांची संख्या ही त्याची द्यायची रीत असते. तसं असेल तर त्याला सांग, तीन ठिकाणं तीन रविवारी. आणि एखाद्या रविवारी फक्त तो आणि मुलगा जाऊ देत, त्यांच्या वेगाने, त्यांना हवं तितकं लांब. सगळ्यांनी मिळून गेलं तरच ते कुटुंबाचं फिरणं, असा काही नियम नाही.

सासूबाईंचं नाजूक आहे. "तुम्ही या जाऊन" याचे दोन अर्थ होतात आणि ते बाहेरून ओळखता येत नाहीत. एक अर्थ, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको. दुसरा, मला दोन तास शांत घर हवंय. पहिला असेल तर आधी बाक शोध आणि मग जागा ठरव : गाडीपासून चार पावलांवर, सावलीत, पाठीला टेकू असलेला, स्वच्छतागृह जवळ. त्यांना तिथे बसवून मुलांनी आळीपाळीने येऊन सापडलेल्या वस्तू दाखवायच्या, पिसं, बिया, वाळकी पानं. दुसरा अर्थ असेल तर मात्र रुखरुख सोडून दे. म्हाताऱ्या माणसांनाही आपलं घर आपल्यापुरतं हवं असतं गं. काय हवंय ते त्यांनाच विचार, आणि त्या जे सांगतील त्यावर विश्वास ठेव.

फोटोंचं फार बोलत नाही. नणंदेच्या फोटोत परतीची गाडी नसते.

घरी घालवलेला दिवस वाया गेला, हे तुझं वाक्य मात्र मला अजिबात पटलेलं नाही. वसंत काही लांब राहायला गेलेला नसतो, तो तुझ्या खिडकीतून आत आलेला असतो. खिडकीतून दुपारी ऊन येत असेल तर जमिनीवर पडलेल्या कवडशाच्या आतल्या टोकाशी पोराला खडूने खूण करायला सांग, शेजारी तारीख लिहू दे. पुढच्या रविवारी घड्याळाच्या त्याच वेळेला पुन्हा खूण. वसंतात सूर्य दिवसेंदिवस आकाशात वर चढत जातो, त्यामुळे कवडसा खिडकीच्या दिशेने मागे सरकतो. एका आठवड्यात तो सरकलेला दिसेल. ऋतू बदलतो म्हणजे काय, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या फरशीवर मोजणं वेगळं. महिन्याभरात चार-पाच खुणा झाल्या की तुझा नऊ वर्षांचा कंटाळलेला मुलगा पाहुण्यांना हात धरून त्या दाखवेल.

त्याच्यासाठी आणखी एक. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा औषधं बनवण्याच्या धंद्यातला माणूस होता. आकाश बघणं ही त्याची हौस, पोटापाण्याचं काम नव्हे. त्याने १८०२ साली ढगांना नावं दिली : ढिगासारखे ते क्युम्युलस, थरासारखे पसरलेले ते स्ट्रॅटस, कुरळ्या बटांसारखे ते सिरस. ही नावं हवामानशास्त्रात आजही चालतात. गच्चीत किंवा मैदानात चटई टाक, दोघं पाठीवर पडा, आणि मुलाच्या हातात एक वही दे. अर्ध्या तासात कंटाळणारी मुलं बरेचदा त्यांच्या हाती काही सोपवलेलं नसतं म्हणून कंटाळतात. सहलीच्या दिवशीही घड्याळ त्याच्याकडे दे, परत कधी फिरायचं ते त्याने सांगायचं.

सासूबाई आणि धाकटी, दोघींसाठी पहाटेचा वेळ राखून ठेव. दिवस मोठा व्हायला लागला की पक्ष्यांच्या शरीरात विणीच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि उजाडताना गाणी वाढतात. पुष्कळ जातींत गातो तो नर, ही जागा माझी आहे हे इतरांना सांगायला आणि मादीला बोलवायला. दोघींनी खिडकीशी बसायचं, डोळे मिटायचे आणि किती वेगळे आवाज आले ते बोटांवर मोजायचं. गुडघे आड येत नाहीत.

आणि एक गोष्ट तुझ्या रविवारच्या हिशेबाबाहेरची. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जादा मोकळ्या हवेत नेलं. तीन वर्षांनी त्या मुलांत दूरचं अंधुक दिसण्याचा दोष नव्याने जडण्याचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, बाकीच्या मुलांत ३९.५ टक्के. तिथे कुणी बागा आणि डोंगर दाखवले नव्हते, रोज बाहेर नेलं होतं इतकंच. मार्चमधल्या विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास दिवसाची लांबी सगळ्यात भराभर वाढते, म्हणजे रोजच्या संध्याकाळी तुला थोडा थोडा उजेड जादा मिळतोय. तो वापर. चपला घालून बाहेर पडायचं आणि कोपऱ्यावरच्या एका झाडापर्यंत जाऊन यायचं. त्याच एका झाडापर्यंत, रोज. पहिल्या दिवशी कळ्या बंद असतील, चौथ्या दिवशी एखाद्या फांदीला चिकट कोवळं पान सुटलेलं असेल, घडी न उलगडलेलं. मुलांना ते बोटाने हळूच स्पर्शून बघू दे.

आता राहिलं ते तुझ्या झोपेचं. वर्षं निसटतायत असं तुला वाटतं ते खरं आहे, त्यावर मी फुंकर घालणार नाही. मुलगा मोठा होईल, मित्रांबरोबर जाईल, तसंच व्हायला हवं. पण या भीतीने तू त्याचा हात फार घट्ट धरतेस आणि मग तो सोडवून घ्यायला बघतो. रात्री जाग आली तर आज दिवसभरात तो आपण होऊन तुझ्याजवळ कधी आला, तेवढंच आठव. आणि ही झोप न लागणं रविवारपुरतं नसेल, आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना नक्की दाखव, ते अंगावर काढू नकोस.

येत्या रविवारी कुठे जायचं ते धाकटीला विचार. माझा अंदाज आहे, ती त्याच वाटेवर जाऊ म्हणेल. मुंग्या तिथे असतील किंवा नसतील, नसल्या तर बहुधा जवळच कुठेतरी त्यांचं बीळ असेल. ते शोधायला मात्र सगळ्यांनाच उकिडवं बसावं लागेल, नवऱ्यालासुद्धा. काय सापडलं ते मला लिही. शक्य झालं तर तिच्याकडून लिहून घे, अक्षरं उलटी पडली तरी चालतील.

तुझी,
मावशी