ज्यूरी नेमतात, निवडतात की वगळून ठरवतात?

फौजदारी खटल्याबद्दल लिहिताना ‘ज्यूरी नेमली’ म्हणावे की ‘ज्यूरी निवडली’, आणि ज्यूरीला सरळ ‘पंच’ म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे.

‘नेमली’ नकोच. नेमणूक म्हटली की नेमणारा आला, आणि ज्यूरीला नेमणारा कोणी असू नये यासाठीच तर सगळी खटपट. इंग्लंडमध्ये मतदारयादीतून सोडतीने नावे काढून लोकांना बोलावतात. कोर्टात हजर झालेल्यांमधून पुन्हा चिठ्ठ्या काढून बारा जण बसवतात.

‘निवडली’ रूढ आहे, पण वकील आपल्या पसंतीची माणसे घेतात असा समज त्यातून होतो. वकिलांना हवा तो माणूस आणता येत नाही, फक्त नको असलेला वगळता येतो. अमेरिकेत आधी प्रश्न विचारून प्रत्येकाची चाचपणी होते. पूर्वग्रह दिसला तर कारण दाखवून हरकत घेता येते, आणि अशा हरकतींना संख्येची मर्यादा नाही. कारण न देता वगळण्याचा हक्क मात्र मोजका असतो. तिथल्या संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात, मृत्युदंडाची मागणी नसेल तर, सरकार पक्षाला ६ आणि बचाव पक्षाला १० माणसे अशी वगळता येतात. या हक्काचा वापर कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यासाठी होत असे. १९८६ च्या बॅट्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून वगळणे घटनाबाह्य ठरवले. इंग्लंडने तर विनाकारण हरकतीचा हक्कच १९८८ च्या कायद्याने काढून टाकला. त्यामुळे सदस्यांविषयी ‘वगळले’ आणि गटाविषयी ‘ज्यूरी ठरली’ हे मला सर्वात नेमके वाटते.

‘पंच’ला माझा ठाम विरोध आहे. पंचनाम्यातला पंच साक्षीदार असतो, निवाडा करत नाही. वाद मिटवणारा पंच निवाडा करतो, पण दोन्ही बाजूंनी त्याला ओळखून पत्करलेले असते, आणि त्याने चार ठिकाणी चौकशी केली तर कोणाला वावगे वाटत नाही. ज्यूरीतल्या माणसाला तेच निषिद्ध. कोर्टात मांडलेल्या पुराव्यापलीकडे त्याने काही पाहायचे नाही. इंग्लंडमध्ये खटल्याविषयी इंटरनेटवर मुद्दाम शोधाशोध करणे हा ज्यूरी सदस्यासाठी २०१५ पासून गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतका उलटा अर्थ ‘पंच’मध्ये कोंबण्यापेक्षा रुळलेला ‘ज्यूरी’च बरा.

आणखी एक. एकट्या माणसाला ‘ज्यूरी’ म्हणू नये, ‘ज्यूरी सदस्य’ म्हणावे. ‘ज्यूरीला काढून टाकले’ असे लिहिले तर पूर्ण गट बरखास्त झाला असा अर्थ निघतो, आणि मग खटला नव्या ज्यूरीपुढे पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागू शकतो. एखादा सदस्य आजारपणामुळे कमी झाला तर इंग्लंडमध्ये निदान नऊ जण उरेपर्यंत तोच खटला पुढे चालू ठेवता येतो.