वाचकांचे प्रश्न : युक्रेनी विद्यार्थ्यांचे युद्धकाळातील डिझाइन प्रकल्प

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. युक्रेनमधील डिझाइनच्या विद्यार्थ्यांची युद्धाविषयीची कामे पाहताना भरतकामाची नक्षी, निळा-पिवळा रंग आणि मातीचा कोंबडा हेच पुन्हा पुन्हा समोर येते. अस्मिता म्हणजे लोककलेची सजावट एवढेच का? आणि क्षेपणास्त्रे पडत असताना असे प्रकल्प करण्यात अर्थ तो काय?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जगभर जी पोस्टरे झाली, त्यांतील बरीचशी घाईची होती. ध्वजाच्या दोन पट्ट्यांवर नक्षी चढवली की काम झाले, असा समज त्यांत दिसतो. परंतु कोंबड्याचा उल्लेख आपण केलाच आहे, तर तो जरा जवळून पाहावा. कीव्हजवळच्या बोरोद्यान्का गावात बाँबहल्ल्याने एका बहुमजली इमारतीचा बराचसा भाग कोसळला. मात्र वरच्या मजल्यावरील एका स्वयंपाकघराच्या उरलेल्या भिंतीवर भांड्यांचे कपाट जसेच्या तसे टांगलेले राहिले आणि त्यावर झिलई दिलेल्या मातीचा एक कोंबडाही. वासिल्किव्ह येथील कारखान्यात घडवलेली अशी भांडी सोव्हिएत काळात तिकडच्या कितीतरी घरांत होती, त्यामुळे तो कोंबडा पाहणाऱ्याला संग्रहालय आठवले नाही, आपल्या आजीचे घर आठवले. कपाट पुढे कीव्हमधील संग्रहालयात गेले, ही नंतरची गोष्ट. ज्या विद्यार्थ्याने कपाट, भिंत आणि खालची पोकळी यांसह तो कोंबडा रेखाटला, त्याचे काम टिकते. ज्याने तो नुसताच उचलून निळ्या-पिवळ्यावर ठेवला, त्याचे टिकत नाही.

माझ्या मते या प्रकल्पांचा खरा कस नक्षीत लागत नाही, अक्षरांत लागतो. गिओर्ही नार्बुत या चित्रकाराने १९१७ च्या सुमारास युक्रेनी वर्णमालेची चित्रे काढण्यास घेतली आणि नव्या युक्रेनी प्रजासत्ताकाची १०० कार्बोव्हानेत्सची (तेव्हाचे चलन) नोट तयार केली. तिच्यावर युक्रेनीबरोबर रशियन, पोलिश आणि यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) या भाषांतही मजकूर होता. आज ज्यांना अस्मिता म्हणजे एकच रंग, एकच भाषा असे वाटते, त्यांनी ती नोट अवश्य पाहावी. पुढे १९३३ मध्ये सोव्हिएत राजवटीत शुद्धलेखनाचे नियम बदलून ‘ग’ या उच्चाराचे अक्षर वर्णमालेतूनच काढून टाकण्यात आले, ते १९९० मध्ये परत आले. डोक्यावर दोन टिंबे असलेले ‘यी’ हे अक्षर रशियनमध्ये नाही, म्हणून रशियाने व्यापलेल्या शहरांत लोकांनी रात्रीतून ते भिंतींवर रंगवले. फाँट घडवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो. रशियनसाठी काढलेल्या फाँटमध्ये ही अक्षरे मागाहून जोडली, तर ती परकी दिसतात. शिवाय ‘तिचा’ या अर्थाच्या सर्वनामात ‘यी’ लागोपाठ दोनदा येतो, चार टिंबांची रांग लागते आणि अंतर चुकले की ती एकमेकांना भिडतात. हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ने छापलेले मराठी पुस्तक हाती आले की आपल्याला जे खटकते, त्यावरून याची कल्पना यावी, फरक इतकाच, की आपले अक्षर लिहिल्याबद्दल आपल्याला कोणी पकडून नेत नाही.

चित्रकार मिखाइलो बोयचुक यांनी लोककला आणि बायझंटाइन (पूर्वेकडील ख्रिस्ती) चित्रपरंपरा यांतून स्वतःची शैली उभी केली. १९३७ मध्ये सोव्हिएत राजवटीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांची भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली. त्यांचे नाव धारण करणाऱ्या कीव्हमधील उपयोजित कला व डिझाइन अकादमीच्या इमारतीचा मोठा भाग २५ मार्च २०२४ रोजी क्षेपणास्त्र हल्ल्यात उद्ध्वस्त झाला. अशा ठिकाणी शिकणाऱ्याला ‘विषय कोणता घेऊ?’ हा प्रश्न फारसा पडत नसावा.

आता अर्थाविषयी. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले आणि अंधार रोजचाच झाला. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी ठेवून वर वितळलेले मेण ओतायचे, म्हणजे खंदकातील मेणबत्ती तयार होते. ती उजेड देते, त्यावर पाणीही तापते. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि तळघर गाठणे शक्य नसेल, तर आपल्यात आणि रस्त्यात दोन भिंती राहतील अशा जागी बसावे, असा तेथे नियम आहे. पहिली भिंत स्फोटाचा मारा घेते, दुसरी उडालेले तुकडे अडवते. या नियमामुळे घराचा मधला बोळ हीच झोपण्याची आणि अभ्यासाची जागा झाली. खार्किव्हमध्ये सप्टेंबर २०२३ पासून मेट्रोच्या स्थानकांत शाळेचे वर्ग भरू लागले. बोळात मावेल असे टेबल, अंधारात वाचता येईल अशी तळघराची खूण, चटकन उचलून निघता येईल अशी पिशवी, हे सगळे डिझाइनचेच प्रश्न आहेत आणि तेथील विद्यार्थ्याला ते प्राध्यापकाने द्यावे लागत नाहीत.

काही कामांचा असा उपयोग नसतो, तरी ती करावीच लागतात. ‘न दिलेल्या पदव्या’ या अर्थाच्या नावाचे एक प्रदर्शन युक्रेनी विद्यार्थ्यांनी उभे केले आणि युद्धाच्या पहिल्या वर्षपूर्तीस ते अनेक देशांतील विद्यापीठांत मांडले. त्यात पदवीपत्राच्याच धाटणीने, युद्धात मारल्या गेलेल्या ३६ विद्यार्थ्यांची नावे आणि त्यांची हकिगत दिली होती. रक्त नाही, राख नाही. सरकारी कागदाचा कोरडा साचा तेवढा घेतला आहे. मी पाहिलेल्या पोस्टरांपेक्षा मला ही योजना अधिक भेदक वाटते. आणि ही परंपरा जुनी आहे. चेर्नोबिलच्या अपघातानंतर तेथील कामावर पाठवले गेलेले खार्किव्हचे डिझाइन-शिक्षक ओलेह वेक्लेन्को यांनी १९९१ मध्ये पोस्टरांचे त्रैवार्षिक प्रदर्शन सुरू केले. स्फोट झालेल्या अणुभट्टीवरून त्याचे नाव ‘चौथा ब्लॉक’ असे ठेवले.

प्रश्न : माझा मुलगा खार्किव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होता, मार्च २०२२ मध्ये परतला. येथील कला महाविद्यालयातील त्याच्या मित्राला युक्रेनवर प्रकल्प करायचा आहे. त्याने तो करावा का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : अवश्य करावा, पण युक्रेनी नक्षी उसनी घेऊन नव्हे. आपल्या मुलाजवळ जे आहे, ते तिकडच्या विद्यार्थ्याजवळही नाही. २ मार्च २०२२ रोजी भारतीय दूतावासाने खार्किव्हमधील भारतीयांना संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्हका गाठण्यास सांगितले. वाहन न मिळाल्यास पायी निघावे, असेही त्यात होते. सूचनेत ११, १२ आणि १६ किलोमीटर अशी अंतरेही दिली होती. त्या वाटेचा नकाशा मुलाच्या आठवणीतून काढावा : वसतिगृहाचे तळघर, कोणत्या वळणावर कोण थांबले, बॅगेतून काय काढून टाकले, फोनची बॅटरी कोठे संपली. मुलाला बोलणे जड जात असेल, तर आग्रह धरू नये आणि इतर विद्यार्थ्यांची नावे नकाशावर घालण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.