आधी जुने अंक वाचावेत
ईमेलने येणाऱ्या न्यूजलेटरसाठी नाव नोंदवण्याआधी त्याचे जुने अंक वाचावेत. सबस्टॅक या न्यूजलेटर प्रसिद्ध करण्याच्या संकेतस्थळावर ते ‘अर्काइव्ह’ या पानावर सापडतात. त्यांतले सलग चार अंक चाळले की लेखक स्वतःचे काही सांगतो आहे की नुसत्या लिंक गोळा करून पाठवतो आहे, हे लगेच कळते. आवडलेला लेखक ज्यांची शिफारस करतो, त्यांच्याकडे मग वळावे. लोकप्रियतेच्या याद्यांपेक्षा माझा या वाटेवर अधिक भरवसा आहे. जीमेल असेल, तर पत्त्यातील आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि ‘वाचन’सारखा एखादा शब्द रोमन लिपीत जोडून नोंदणी करावी: मेल त्याच खात्यात येतात, पण फिल्टर लावून त्यांना वेगळे लेबल देता येते. मी हौसेने एका दमात 30 ठिकाणी नाव नोंदवले होते आणि त्या ढिगात विजेचे बिल हरवले.