गिनीपिगचा पिंजरा घरात कुठे ठेवावा?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या आग्रहाखातर दिवाळीनंतर आम्ही गिनीपिगच्या दोन माद्या घरी आणल्या. पुण्यात एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमची टू बीएचके सदनिका आहे. दुकानदाराने दिलेला दोन फुटी पिंजरा सध्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर ठेवला आहे. सासूबाईंना वासाचा त्रास होतो, म्हणून पिंजरा हॉलमध्ये ठेवायला त्यांची हरकत आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की पश्चिमेकडच्या मोठ्या बाल्कनीत मोकळी हवा आहे, तर तिथेच ठेवू. मुलीला तो तिच्या खोलीत हवा आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे. यांपैकी कोणती जागा योग्य ठरेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण उन्हाळा लागण्याआधी विचारलेत याचे मला मनापासून बरे वाटले. अशी पत्रे बहुधा मे महिन्यात येतात, आणि त्यांतल्या काहींना उत्तर लिहिण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. आपण ज्या चार जागा लिहिल्या आहेत त्यांपैकी दोन्ही बाल्कन्या मी आधीच बाद करते. उरलेल्या दोहोंमध्ये माझे मत हॉलच्या बाजूचे आहे.

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा प्राणी. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागांतल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात पोहोचला. उंच डोंगरावरच्या थंड हवेत घडलेले हे शरीर आहे. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकणेही त्याला नीट साधत नाही. १८ ते २४ अंश सेल्सिअस या तापमानात तो सुखात असतो. २७ च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि ३० च्या वर, विशेषतः हवा दमट असेल तर, उष्माघाताचा धोका खराखुरा असतो. पुण्यात मार्च संपता संपता दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो आणि एप्रिल-मेमध्ये तो ३८ ते ४० पर्यंत चढतो, हे आपण जाणताच. तेव्हा आपल्याकडे गिनीपिगची जागा निवडताना वर्षातली सर्वांत वाईट दुपार डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका संध्याकाळी एक कुटुंब माझ्या दवाखान्यात गिनीपिगचा एक नर घेऊन आले. सकाळी लग्नाला निघताना त्यांनी पिंजरा बाल्कनीत चांगल्या गर्द सावलीत ठेवला होता, पाण्याची बाटली काठोकाठ भरली होती, काकडीही ठेवली होती. निष्काळजीपणा म्हणावा असे त्यांनी काही केले नव्हते. फक्त सावली एका जागी थांबत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तीनच्या सुमारास ऊन कठड्यावरून आत उतरले आणि पिंजऱ्यावर आले. माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा तो कुशीवर पडलेला होता, हनुवटीखालची लव लाळेने भिजून चिकटली होती आणि कान हाताला चटका बसावा इतके तापले होते. आम्ही साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करत राहिलो, पण तो वाचला नाही. घरचे सांगत होते की बाटलीतले पाणी चहासारखे गरम झाले होते. आपली बाल्कनी पश्चिमेची आहे, म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे. बाल्कनीत मांजर, कावळे आणि घारी यांचे भय असते, कबुतरांची घाण असते, पावसाळ्यात झड येते. पण ही सगळी कारणे बाजूला ठेवली तरी त्या जागेसाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे.

ड्राय बाल्कनीची अडचण वेगळी आहे. गिनीपिगला आपल्यापेक्षा पुष्कळ वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. माणसाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झची असते, तर त्याची ५०,००० च्या आसपास जाते. मशीन कपडे पिळू लागते तेव्हा होणारा आवाज आणि स्टुलामधून पिंजऱ्यापर्यंत पोहोचणारी थरथर त्यांना दररोज सोसावी लागत असणार. शेजारीच स्वयंपाकघर असल्याने फोडणीचा खाट तिथे येतो. ज्या मिरचीने आपल्याला ठसका लागतो ती त्या नाजूक श्वसनमार्गाला किती झोंबत असेल, याचा विचार व्हावा. शिवाय मोरीच्या पाइपातून उंदीर येतात. उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये लावायची जी यंत्रे मिळतात, ती मात्र घरात लावू नयेत. आपल्याला न ऐकू येणारा त्यांचा आवाज गिनीपिगला ऐकू येतो, आणि त्याला तर पळून जायलाही जागा नसते.

मुलीच्या खोलीविषयी मी थोडी द्विधेत होते, कारण तिची माया तिथे आहे. परंतु हे प्राणी रात्रभर सलग झोपत नाहीत. थोडे झोपायचे, उठायचे, गवत चावायचे, बाटलीच्या नळीतली गोळी खटखट वाजवत पाणी प्यायचे, असा त्यांचा क्रम दिवसरात्र चालतो. त्यात मुलीची झोपमोड होईल. सुक्या गवताचा बारीक धुरळाही खोलीभर असतो; घरात कोणाला दम्याची किंवा शिंकांची तक्रार असेल तर झोपण्याच्या खोलीत पिंजरा मुळीच नको. त्या खोलीत एसी असेल आणि तो केवळ रात्री लागत असेल, तर रात्री २४ आणि दुपारी ३४ असा रोजचा चढउतार त्यांना सोसावा लागेल, तोही बरा नव्हे.

आता हॉल. येत्या रविवारी दुपारी चार वाजता आपण एक करून पाहा. हॉलच्या प्रत्येक भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळवा टेकवून घ्या. पश्चिमेची भिंत तव्यासारखी लागेल आणि जिना किंवा दुसरी खोली जिच्या पलीकडे आहे ती आतली भिंत बरीच गार लागेल. अशा दोन आतल्या भिंती जिथे मिळतात तो कोपरा पिंजऱ्याचा. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळते. ते त्या कोपऱ्यात पिंजऱ्याच्याच उंचीवर तीन दिवस ठेवून दुपारचे आणि रात्रीचे आकडे लिहून काढा. रात्रीचे मुद्दाम म्हणते, कारण वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर कित्येक तास ती उष्णता घरात सोडत राहतो.

कोपरा मी केवळ गारव्यासाठी सांगत नाही. गिनीपिगचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. शिकारी पक्ष्यांच्या भीतीत त्याच्या पिढ्या गेल्या आहेत, म्हणून डोक्यावरून येणारा हात त्याला झडपेसारखा वाटतो. दोन बाजूंना भिंत असली की तिकडून काही येणार नाही ही खात्री त्याला मिळते आणि तो मोकळेपणाने वावरू लागतो. पिंजऱ्यात प्रत्येकीसाठी एक लपण्याचे घर हवे, बुटांच्या खोक्याला दोन दारे कापली तरी चालते. टीव्हीचे स्पीकर, सतत आपटणारा मुख्य दरवाजा, एसीचा थेट झोत आणि देवघर यांपासून तो कोपरा दूर असावा. देवघराचे नाव वाचून सासूबाईंना वाईट वाटू नये. अडचण फक्त उदबत्ती आणि धूप यांच्या धुराची आहे, आणि डास पळवणाऱ्या कॉइलची त्याहून अधिक.

पिंजरा फरशीवर ठेवावा की उंचावर? उन्हाळ्यात फरशी गार असते, पण हिवाळ्यात दाराखालून येणारा वारा नेमका तिथूनच वाहतो. मी सहा-आठ इंच उंचीचा भक्कम लाकडी चौरंग किंवा तसलेच बैठे फळकूट सुचवेन. मुलगी समोर मांडी घालून बसली की दोघींची नजर तिच्या नजरेला भिडते, आणि तिचा हात वरून न येता समोरून येतो.

पण तो दोन फुटी पिंजरा तसाच तिथे नेऊन ठेवू नये. दोन माद्यांना निदान साडेसात-आठ चौरस फूट जागा लागते, म्हणजे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. दहा चौरस फूट देता आली तर फारच उत्तम. दुकानातले पिंजरे बहुतेक पक्ष्यांसाठी बनवलेले असतात आणि त्यांचा तळ जाळीचा असतो. जाळीवर सतत उभे राहून पायाच्या तळव्यांना जखमा होतात आणि त्या चिघळल्या की बऱ्या व्हायला महिने घेतात. पाट्या रंगवणाऱ्यांकडे मिळणाऱ्या सनपॅक शीटचा सपाट तळ आणि भोवती लोखंडी जाळीचे चौकोनी तुकडे, एवढ्यावर घरच्या घरी चांगला प्रशस्त पिंजरा तयार होतो. म्हणून कोपरा निवडताना फूटपट्टी हातात ठेवा. चार बाय दोन जिथे बसत नाही तो कोपरा कितीही गार असला तरी उपयोगाचा नाही.

सासूबाईंची तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर आहे. गिनीपिगच्या अंगाला फारसा वास नसतो. वास येतो तो लघवीने भिजून राहिलेल्या भुश्श्याचा, त्यातल्या अमोनियाचा. तो वास जो आपल्याला चार फुटांवरून येतो तो त्या दोघी तळाशी नाक लावून चोवीस तास घेत असतात. त्या बहुधा ठरावीक कोपऱ्यांतच लघवी करतात, तेवढा भाग रोज सकाळी बदलला आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण तळ धुऊन वाळवला तर हॉलमध्ये आलेल्या पाहुण्याला वास जाणवणार नाही. सुताराकडचा भुस्सा वापरू नये, त्याची धूळ फुफ्फुसांत जाते. कागदाचा थर आणि त्यावर जाड, पाणी शोषणारे कापड पुरते. सासूबाईंना महिनाभर मुदत मागून पाहा. माझा अनुभव असा की दिवसभर घरी असणारी वडील माणसेच या प्राण्यांशी सर्वांत आधी जवळीक करतात, कारण फ्रिजचे दार उघडताच कोथिंबिरीच्या आशेने सुरू होणारी ती शीळ सर्वांत जास्त वेळा त्यांच्याच कानावर पडते.

आणि हॉल सुचवण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे. गिनीपिग आजार लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला अशक्त दिसणे परवडत नाही, म्हणून तो अगदी शेवटपर्यंत कोपऱ्यात फुगून बसतो आणि लांबून ठीकच दिसतो. त्याने बारा तास काही खाल्ले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे, आणि दिवसभर थांबणे जिवावर बेतू शकते. ड्राय बाल्कनीतला पिंजरा दिवसातून दोनदा पाहिला जातो, हॉलमधला येता-जाता पन्नास वेळा. आज गवत तसेच पडले आहे, आज एकीची शीळ ऐकू आली नाही, हे ज्या जागी कोणाच्या तरी लक्षात येईल ती जागा त्यांची.

एप्रिल-मेमध्ये याच कोपऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा पिंजऱ्यात ठेवा, त्या तिच्यावर पोट टेकून पसरतात. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती जुन्या सुती कापडात गुंडाळून दुपारी ठेवावी. नुसत्या पंख्यावर भिस्त नको, कारण पंख्याचा वारा घाम वाळवून गारवा देतो आणि इथे घामच नाही. यंत्राचा आकडा ३० ओलांडू लागला तर त्या चार-पाच तासांसाठी त्यांना एसीच्या खोलीत, झोतापासून दूर, २५-२६ अंशांवर ठेवण्याची तयारी असू द्या.

प्रश्न : आमचे घर कौलारू असून रत्नागिरी जिल्ह्यात आहे. उन्हाळ्यात गिनीपिग पडवीत छान राहिले, पण पावसात गवताला बुरशी येते आणि एकाच्या नाकावरचे केस गोल चट्ट्यासारखे गेले आहेत. जागा बदलावी का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : होय, आणि लगेच. पडवी पावसाळ्यात त्यांना मानवणार नाही. माजघरातली कोरडी, हवा खेळती असलेली जागा द्या. चूल आणि ओले कपडे वाळत घालण्याची दोरी त्यापासून दूर हवी. आपण वर्णन केलेला चट्टा गजकर्णाचा असण्याची शक्यता मोठी आहे. तो माणसांनाही लागतो, म्हणून डॉक्टरांना दाखवेपर्यंत मुलांनी त्याला उचलू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. त्याला वेगळा ठेवायचाच झाला तर शेजारी, एकमेकांचा आवाज ऐकू येईल असा ठेवा. गवत घट्ट झाकणाच्या डब्यात न कोंबता कापडी पिशवीत भरून उंचावर टांगावे, आणि बुरशीचा वास आलेली मूठ निवडत न बसता सबंध टाकून द्यावी.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर पिंजरा ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कूलरच्या खोलीत ठेवा, कूलरसमोर नको. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरने खोली खरोखर गार होते. पण त्याचा ओलसर झोत थेट अंगावर आला तर गवत आणि अंथरूण दमट होते व सर्दीवरून फुफ्फुसांचा दाह होण्याची भीती असते. झोताच्या बाजूला पाच-सहा फुटांवर, आतल्या भिंतीशी पिंजरा असावा आणि समोरची खिडकी उघडी राहावी, म्हणजे दमट हवा बाहेर पडेल. पारा ४५ वर जातो त्या दिवसांत मात्र कूलरही अपुरा पडतो. तेव्हा यंत्रावर ३० च्या वर आकडा दिसला तर एसीची खोली गाठावी, आणि वीज जाण्याची सवय असलेल्या भागात गोठवलेल्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये नेहमी तयार ठेवाव्यात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर बंद करा; त्यानंतर तो फक्त दमटपणा वाढवतो.